मागं धैर्यशील हाय

मंगळवार पेठेत स्नेहलच्या माळ्यावर टेबलाभोवती फाशांच्या खेळातलं युद्ध पेटलं होतं. स्नेहल गोष्ट सांगायची, बाकीचे आपापलं पात्र खेळायचे. आत्ता समोरून रणगाडा येत होता आणि खांद्यावरून डागायचं फ्रेंच रॉकेट वृषभच्या पात्राकडे होतं.

"टाक की फासा!" क्रांती ओरडली.

"मागं धैर्यशील हाय," वृषभ म्हणाला.

ते रॉकेट डागलं की नळीच्या मागून जाळ निघतो आणि मागचा माणूस जागीच मरतो. खरा धैर्यशील गेल्या महिन्यात डेंग्यूनं वारला होता. त्याचं पात्र मात्र शेवटच्या डावात जिथं उभं केलं, तिथंच उभं होतं.

"मग सरकव त्याला बाजूला," क्रांती म्हणाली.

"ज्याचं पात्र त्यानंच हलवायचं," स्नेहल म्हणाली. "नियम हाय."

वृषभनं फासा खिशात घातला आणि रणगाड्याला हात केला.

"या पावणं, जेवूनच जावा."

स्नेहलनं जरा विचार केला. "रणगाड्याचं झाकण उघडलं. आतले विचारत्यात, रस्सा तांबडा का पांढरा?"

"आम्ही जैन, आमच्यात आमटी असते," वृषभ म्हणाला. "आणि मागच्याचंबी ताट वाढा."