डोनुसाची कलिओपी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे; म्हणजे अजून थोडा वेळ तरी आहे. समोर पिवळं यंत्र धडधडतंय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

ग्रीसमधल्या डोनुसा बेटावरच्या कॅप्टन निकितासने मला बांधून घेतलं आणि आपल्या आईचं नाव दिलं, कलिओपी. काय थाट होता माझा! दर ईस्टरला अंगभर नवा निळा रंग. भरल्या पोटी मी धक्क्याला लागले की मांजरंसुद्धा स्वागताला यायची. पुढे मासळी आटली, निकितासचे गुडघे गेले, आणि मी किनाऱ्यावर उन्हात पडून राहिले. कुणी ढुंकून बघेना.

अशात सरकारची योजना आली. मासेमारीचा परवाना परत करा, भरपाई घ्या. पण होडी तोडावी लागेल. निकितास सही करायला निघाला, तर त्याची लेक फोतिनी आडवी आली.

"बाबा, आजीला तोडायला देताय? मी हिच्यातून पाहुण्यांना बेटं फिरवीन."

"जीभ तर भारी चालते तुझी! एक उन्हाळा देतो. जमलं तर ठीक, नाहीतर सही."

मित्रांनो, उन्हात आमच्या फळ्या आकसतात. पाण्यात उतरवल्यावर काही दिवस धक्क्यालाच बांधून पाणी पिऊ द्यावं लागतं. मग फळ्या फुगतात, फटी बुजतात. फोतिनीला हे ठाऊक होतं. पण मला उतरवलं आणि दुसऱ्याच दिवशी मोठ्या प्रवासी जहाजांचा संप झाला. धक्क्यावर पाहुणे अडकले.

"पलीकडच्या नाक्सोस बेटावर सोडा हो, उद्या तिथून विमान आहे आमचं!" एक बाई रडकुंडीला आली होती.

फोतिनीने माझ्या फळीवरून हात फिरवला. "पंप आहे ना सोबत. निभावून ने गं आजी."

नको गं पोरी, थांब थोडं! मी जिवाच्या आकांताने करकरले.

"बघा, कशी खूश झालीय," ती पाहुण्यांना म्हणाली.

भर समुद्रात उत्तरेचा वारा उठला. फटीफटीतून पाणी आत शिरलं आणि पंप बंद पडला. फोतिनी डब्याने पाणी उपसत होती, रडत होती, वर "काही होत नाही" म्हणत होती. माझ्याच अंगातून पाणी येत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. तटरक्षकांनी सगळ्यांना उचलून नेलं, मला ओढत आणलं. माणसं वाचली, देवाची कृपा! पण पाहुणे न्यायला मला मनाई झाली. निकितासने सही केली. लेकीला मात्र त्याने बोल लावला नाही.

आता यंत्रवाला याकोवोस त्याला विनवतोय, "कॅप्टन, घरी जा. बघवणार नाही तुम्हाला."

"नाही रे बाबा. आई आहे माझी. एकटी कशी सोडू?"

फोतिनी पलीकडे तोंड फिरवून ओक्साबोक्शी रडतेय. मित्रांनो, तुमच्याकडे जुनं काही असेल तर त्याला घाई करू नका. जुन्याला उठायला वेळ लागतो.

यंत्र जवळ आलं. तेवढं त्या पोरीला सांगा हो कुणीतरी, माझा तिच्यावर राग नाही.