चाकूर येईपर्यंत

त्या शनिवारी लातूरच्या टेनिस कोर्टावर धम्मप्रिया हरली, तर सगळ्यात मोठा फायदा तिच्या बापाचा होता. नरसिंग हनमंते, नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात ऑफिस सुपरिंटेंडेंट, रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिलेली. लेक हरली की त्याचे रविवार मोकळे होणार होते. साहेबाच्या टेबलापुढं रजेचा अर्ज धरून ओशाळं हसणं संपणार होतं. एसटीत मांडीवर रॅकेटांची बॅग घेऊन, "काय सतार हाय का हो?" या प्रश्नाला उत्तर देणं संपणार होतं. आणि मुख्य म्हणजे लेकीचा उजवा खांदा वाचणार होता. जिंकली, तर काय मिळणार? "काय हनमंते, पोरगी कुठवर आली?" असं विचारणाऱ्यांना द्यायला एक उत्तर, तेही कपातला चहा निवेपर्यंत टिकणारं.

एवढा उघड हिशेब असूनही हा माणूस सकाळपासून लेक जिंकावी म्हणूनच तळमळत होता. कारण त्याची खात्री होती की खेळ सुटला, तर पोरगी मोडून पडेल.

आणि पोरीची खात्री होती की खेळ सुटला, तर पप्पा मोडून पडतील.

या दोन्ही खात्र्या एकाच माणसाला ठाऊक होत्या, आणि तो माणूस म्हणजे महामायाबाई. नरसिंगची बायको, सरकारी दवाखान्यात नर्स. दोन वर्षांपूर्वी, लेकीच्या खांद्याच्या ऑपरेशननंतर, नवऱ्यानं तिला हळूच सांगितलं होतं, "आता बास व्हायला पाहिजे. पण तू तिला बोलू नको, तिचा जीव हाय त्याच्यात." त्याच महिन्यात लेकीनं सांगितलं, "मम्मी, मला आता नको वाटून राहिलं. पण पप्पांना सांगू नको, त्यांनी सगळं आयुष्य घातलंय." दोघांनीही तिच्याकडून शब्द घेतला. महामायाबाई शब्दाची पक्की. ती एवढंच म्हणायची, "तुमचं तुम्ही बोला. मी काय पोस्टमन हाय का?" ही टोमणा मारायची आणि ते दोघं समजायचे, हिचं डोकं दुखत असेल.

धम्मप्रियाचं टेनिस सुरू झालं ते रेल्वेच्या क्लबमागच्या भिंतीवर. नऊ वर्षांची पोरगी उन्हाळ्याच्या सुटीत टीव्हीपुढून हलत नव्हती, म्हणून बापानं तिला एका बदली झालेल्या साहेबाची टाकून दिलेली रॅकेट आणून दिली. भिंतीनं कधी बॉल चुकवला नाही, त्यामुळं पोरीलाही चुकवायची सवय लागली नाही. पुढं जिल्हा, मग राज्य, मग देश. सतराव्या वर्षी ती व्यावसायिक खेळाडू झाली, म्हणजे टेनिस हाच धंदा.

धंदा म्हणून टेनिस म्हणजे काय, हे नांदेडात कुणाला समजावून सांगणं अवघड. लोकांना टीव्हीवरचं टेनिस माहीत. त्याच्या पार खाली, तळघरात, दुसरं एक टेनिस असतं. सोलापूर, बंगळूर, थायलंड, ट्युनिशिया. हॉटेलच्या खोलीत किटलीत खिचडी शिजवायची, कपडे बाथरूममध्ये धुऊन खिडकीत वाळत घालायचे, आणि जिच्याशी उद्या मॅच आहे तिच्याशीच भाडं वाटून घेऊन आज त्याच खोलीत झोपायचं. बघायला कोण? दोन आया आणि एक कुत्रं. धम्मप्रिया यातून वर चढत चढत जगात पाचशेच्या आसपास पोचली होती. तेव्हा नांदेडच्या चौकात तिचा बॅनर लागला. एका पुढाऱ्याचा वाढदिवस येईपर्यंत तो टिकला.

पण या धंद्यातली कमाई बारा महिन्यांची असते. गेल्या वर्षी मॅच जिंकून मिळवलेले पॉइंट, ज्यांवर जगातला नंबर ठरतो, यंदा त्याच आठवड्यात गळतात, म्हणजे पुन्हा तिथंच जाऊन पुन्हा तेवढंच खेळायचं. खांदा गेला आणि पॉइंट गळत गेले. आता अठ्ठाविसाव्या वर्षी उरलेले शेवटचे पॉइंट येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी गळणार होते, आणि त्यांच्याबरोबर जगाच्या यादीतून नावही. लातूरच्या या स्पर्धेत पात्रता फेरीची ही शेवटची मॅच जिंकायची, मग मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे खऱ्या स्पर्धेत, एक मॅच काढायची, तर नाव राहणार. नाहीतर नाही.

नांदेडच्या एका कॉलेजनं तिला पोरी शिकवायला बोलावलं होतं. ते पत्र येऊनही तिनं बापाला सांगितलं नव्हतं.

समोर होती शिल्पा, सतरा वर्षांची, लातूरचीच. तिचा बाप शिवशंकर डाळमिलमध्ये मुकादम. तो कोर्टाभोवतीच्या तारेच्या जाळीत, पलीकडच्या बाजूला, दहाही बोटं अडकवून उभा होता, आणि प्रत्येक पॉइंटला जाळी अशी हलवायचा की फिरून आलेल्या पंचानं एकदा त्याला, "मालक, ती उपटून येईल," असं सांगितलं.

नरसिंग अलीकडच्या जाळीमागं उभा होता. त्याची एक सवय सगळ्या महाराष्ट्रातल्या कोर्टांवर प्रसिद्ध होती. लेक सर्व्हिसला आली की तो पाठ फिरवून पाण्याच्या टाकीकडं बघायचा. लोक म्हणायचे, टेन्शन. खरं कारण असं की खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा हात वर गेला की याच्याच खांद्यात कळ यायची. समोरची सर्व्हिस करत असली की मात्र तो नीट बघायचा.

पहिला सेट धम्मप्रियाचा, दुसरा शिल्पाचा. मग निकालाचा टायब्रेक, जी आधी दहा पॉइंट गाठेल आणि दोनानं पुढं असेल तिची मॅच. नऊ-आठ, धम्मप्रिया पुढं. सर्व्हिस शिल्पाची. म्हणजे नरसिंग बघत होता.

पात्रता फेरीत रेषेवर पंच नसतात. एकच पंच तीन कोर्टांमधून फिरतो, आणि बॉल आपल्या बाजूला पडला तर आत की बाहेर हे आपलं आपण सांगायचं. लाल मातीचं कोर्ट असलं तर बॉलचा ठसा उठतो. वाद झाला तर पंच येऊन ठसा बघतो. पण ठसा तुम्ही स्वतःच पायानं पुसलात, तर विषय संपला, पॉइंट समोरच्याचा. लहान पोरींना हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

दोघींनी बराच वेळ बॉल इकडून तिकडं घातला. मग शिल्पानं तोंड लाल करून एक फटका हाणला. बॉल शेवटच्या रेषेपलीकडं पडला, नरसिंगच्या पायापासून चार हातांवर. रेषा आणि ठसा यांच्यामध्ये चार बोटं आरामात बसली असती. मॅच संपली होती. नरसिंगनं टाळी वाजवायला हात उचलले.

धम्मप्रिया ठशाकडं गेली. वाकली. मग बूट फिरवून तिनं तो पुसला, आणि तळहात खाली करून समोर दाखवला. आत.

नरसिंगचे हात तसेच राहिले. पलीकडं शिवशंकरनं जाळी जवळजवळ उपटलीच.

पुढचे दोन पॉइंट शिल्पानं स्वतःच्या हिमतीवर घेतले, ते खरे होते. अकरा-नऊ. पोरीनं मधल्या नेटपाशी येऊन धम्मप्रियाच्या पाया पडायचा प्रयत्न केला, धम्मप्रियानं तिला मध्येच उचललं आणि म्हणाली, "बॅकहँडला लवकर वळत जा." मग दोघींनी मिळून कोर्टावर गोणपाटाची चटई ओढली. सगळ्या मॅचचे ठसे त्याखाली गेले.

लातूर-नांदेड एसटीत दोघं शेजारी बसली. दोघंही गप्प, पण त्यात रागबिग काही नव्हतं. तो घरचा कायदा होता.

कायदा जुना. धम्मप्रिया अकरा वर्षांची असताना लातूरला पहिल्याच फेरीत हरली, आणि नरसिंगनं बस सुटल्या सुटल्या तिला समजावायला सुरुवात केली. हा बॉल असा का मारला, तो तसा का सोडला. पोरगी रडायला लागली, हा थांबेना. शेवटी पुढच्या सीटवरची म्हातारी मागं वळली. सरजाबाई तिचं नाव, चाकूरला उतरणार होती. म्हणाली, "ओ भाऊ, लेकराला जरा आवंढा तर गिळू द्या. चाकूर येईपर्यंत एक शबूद बोलायचा न्हाई." एसटीतल्या म्हातारीचा हुकूम मोडायची हिंमत रेल्वेच्या माणसात कुठून येणार? नरसिंग गप्प बसला. चाकूरला गाडी थांबली, दोघांनी उतरून चहा आणि पाववडा घेतला, आणि नवल म्हणजे तोवर सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तेव्हापासून हरो की जिंको, चाकूरपर्यंत तोंड बंद. बंगळूरहून फोन आला, तरी मॅच संपल्यावर तासभर तो विचारायचा नाही. "चाकूर आलं का?" असं आधी विचारायचा.

आज मात्र तो रस्ता लांबला. नरसिंगनं दोनदा खिडकी उघडली, दोनदा लावली. एकदा त्यानं लेकीच्या बुटाकडं बघितलं. उजव्या बुटाच्या टोकाला लाल माती होती. तिनं पाय सीटखाली घेतला.

चाकूरला बस लागली. जागा जाऊ नये म्हणून बॅग सीटवर ठेवून दोघं उतरली. टपरीपुढच्या बाकावर बसली. चहा आला.

"बॉल बाहेर होता," नरसिंग म्हणाला.

"हाव."

"चार बोटं."

"पाच असतील."

नरसिंगनं बशीत चहा ओतला आणि तो पिण्याऐवजी त्याच्याकडं बघत बसला. "त्या पोरीची कीव आली का?"

"न्हाई हो पप्पा. कीव कशाची. पुढच्या फेरीत तिला कुणीतरी धुऊनच काढणार हाय." तिनं कप खाली ठेवला. "बॉल बाहेर पडला, आणि मला वाटलं, आता जिंकले. म्हणजे परवा परत. बुधवारी परत. मग बंगळूर. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला रडू आलं. आणि पाय कधी फिरला कळलंच न्हाई."

नरसिंगनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता हा माणूस मोडणार. ती घाईघाईनं म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर मी अजून एक वर्ष खेळते. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम केला तर खांदा..."

"मी कशाला म्हणू?"

"म्हणजे?"

"अगं माय, मी दोन वर्षं झाली टाकीकडं बघून राहिलो. महाराष्ट्रातली एक टाकी सोडली न्हाई. कुणाला गळती असली तर मला विचारावं." बोलता बोलता त्यानं बशी उचलली आणि थोडा चहा पँटवर सांडला. "तू डाव्या हातानं जेवायला लागलीस, तवाच म्हणणार होतो, बास कर. पण मला वाटलं, तुला खेळायचं हाय."

"मला वाटलं तुम्हाला खेळायचं हाय."

"मला? मला सर्व्हिस टाकता येती का?"

ती हसली. हसता हसता नाक पुसायला लागली. मग त्यानं खिशातला रुमाल काढून दिला, ज्याला घरच्या हळदीचा डाग होता, आणि तिनं तो तसाच तोंडावर धरला. बराच वेळ. नरसिंगनं एक हात तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला, अगदी हलका, गरम तव्याचा अंदाज घ्यावा तसा.

"दुखतो का?"

"थंडीत."

"आणि आता?"

"आता न्हाई."

मग तिनं कॉलेजच्या पत्राचं सांगितलं. नरसिंग म्हणाला, "पोरी शिकवशील तर एक कर. त्यांच्या बापांना जाळीपासून लांब उभं करत जा. जाळी टिकत न्हाई." मग थोड्या वेळानं, "तुझ्या मम्मीला हे कसं सांगायचं? तिला लई लागंल."

बापाच्या या वाक्यावर धम्मप्रियानं रुमालातून डोळे वर काढले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आणि एकाच वेळी दोघांनाही तो पोस्टमन आठवला.

"तुम्ही तिला सांगितलं होतं?"

"तू पण?"

एवढ्यात ग्यानोबा कंडक्टरनं घंटी दिली. तो ओळखीचा, त्यानं दोनदा हाकही मारली होती, पण या दोघांना ऐकू आली नाही. बस वळली, आणि खिडकीतून रॅकेटांची बॅग एकटीच सीटवर बसून नांदेडला निघालेली दिसली. नरसिंग उठला. धम्मप्रियानं त्याची बाही धरली.

"जाऊ द्या. तिला रस्ता पाठ हाय."

त्यानं घरी फोन लावला. "अगं, बॅग पुढं येऊन राहिली, ग्यानोबाच्या गाडीत. स्टँडवर उतरवून घे. आम्ही मागच्या गाडीनं येतो."

पलीकडं महामायाबाई म्हणाली, "कुठून बोलून राहिले?"

"चाकूरहून."

"बोललात का एकदाचे?"

"हाव."

"मग या सावकाश," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

तर हिशेब असा मिटला. शिल्पाला मुख्य ड्रॉ मिळाला आणि पुढच्या मॅचमध्ये तिला खरंच धुऊन काढलं, पण बॅकहँडला ती लवकर वळत होती. ठरलेल्या सोमवारी जगाच्या यादीतून एक नाव गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बापानं लेकीसाठी दोन वर्षं घातली, लेकीनं बापासाठी तीच दोन वर्षं घातली, आणि दोघांनी मागितली नव्हती म्हणून दोघांनाही पावती नाही. चाकूरचा चहा आजवर बापच पाजत आला होता. तो त्या दिवशी धम्मप्रियानं पाजला आणि नरसिंगनं तिला पाजू दिला.

नांदेडच्या स्टँडवरून ती जड बॅग घरी आणायचं ऑटोचं भाडं तेवढं महामायाबाईनं भरलं.