सगळेच दाणे तरंगले

पुतळीचा पणजा बाबाजी, आजा जनू आणि बाप काळुराम हे तिघेही पेणच्या खाडीकाठी मीठ पिकवीत आले. त्या घरची मुलगी नागोठण्याजवळच्या आमच्या भातकऱ्यांच्या घरात मी सून म्हणून आणली, ती पारखूनच आणली. म्हणून त्या ज्येष्ठात बियाणे मिठाच्या पाण्यात घालून निवडायचे ठरले, तेव्हा मी पुतळीखेरीज कोणाला मिठाला हात लावू दिला नाही.

कारणही तसेच होते. आदल्या पावसाळ्यात आंबा नदीचे पाणी घरात शिरले आणि कणगीतले बियाणे कुजले. तेव्हा माझ्या थोरल्या नणंदेने, रोह्याच्या इंदुबाईंनी, मणभर बियाणे उसने दिले. ते आता फेडायचे होते. खाऱ्या पाण्यात भरलेला दाणा बुडतो आणि पोचट वर येतो, असे ग्रामसेवक गावोगाव सांगत हिंडत होता. वन्संच्याही कानी ते गेले. "माझ्यासमोर तपासून दिलंत तरच घेईन," असा निरोप धाडून त्या एसटीने स्वतः हजर झाल्या. नमुना म्हणून पदराच्या गाठीत स्वतःच्या बियाण्याची मूठही आणली. बियाणे पोचट निघाले असते, तर या घराला पुन्हा कोणी उसना दाणा दिला नसता.

पुतळीने घंगाळात पाणी घेऊन मीठ घालायला आरंभ केला. ओंजळीमागून ओंजळ पाण्यात जाई आणि ढवळताच दिसेनाशी होई. एवढे मीठ जाते कुठे, हे मला उमगेना. ग्रामसेवकाच्या सांगण्याप्रमाणे अंडे सोडले, ते तरंगले. तरी पुतळीचे समाधान होईना. घालीतच राहिली. तळाशी खडे विरघळेनासे होऊन साचले, तेव्हा कुठे म्हणाली, "आता पिकलं पाणी, आत्याबाई."

मी पहिली मूठ सोडली. सगळे दाणे तरंगले. दुसरी सोडली, तीही तशीच.

"वयनी, हे बियाणं हाय का कोंडा?" वन्सं कडाडल्या. "कोंबड्यांना घाला नि मला कोंबडीच द्या परत!"

मी एक दाणा दातांखाली फोडला. आत टणक, पांढरा तांदूळ! खोटे कोण बोलत होते, दाणा की पाणी?

"थांबा, खरं बियाणं कसं असतं ते दावते," म्हणून वन्संनी गाठ सोडली आणि आपली मूठ पाण्यात टाकली. तेही दाणे वर येऊन आमच्या दाण्यांत मिसळले. आता कुणाचे कोणते, हेही ओळखू येईना.

पुतळीला हसू फुटले. मी डोळे वटारले.

"हसतेस काय गो?" वन्सं म्हणाल्या. "काय घातलंस त्या पाण्यात?"

"मीठच घातलं, आत्या. आमच्या मिठागरात तळाला मीठ धरलं का पाणी पिकलं म्हणतात."

"अगो, तुझ्या बापाला मीठ पिकवायचं असतं. आपल्याला भात पिकवायचाय!"

पुतळीने उठून विहिरीचे पाणी आणले आणि एक कळशी ओतली. तळाचे खडे नाहीसे झाले, पण दाणे जागचे हलले नाहीत. "मीठ गेलं, मग दाणे का नाय बुडत?" मी विचारले.

"गेलं नाय, पाण्यातच शिरलं. म्हणून पाणी अजून जडच हाय. जड पाणी दाणा उचलून धरतं."

ती ओतीत गेली. अंडे मघाशी बरेच उघडे होते, ते खाली जात जात रुपयाएवढेच वर राहिले. तोच एक दाणा बुडाला, मागून दुसरा, मग भराभर बहुतेक सगळे. वर उरला तो खरोखरीचा पोचट.

तोच दाणा, तेच मीठ. मग मघाशी एक न्याय आणि आता दुसरा का, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

बुडालेले बियाणे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले. दुसऱ्या दिवशी मोजले, तेव्हा पोचट गेल्याने माप कमी भरले. मी कणगी उघडायला लावली, आणखी दाणा तसाच पारखला आणि सुकल्यावर तूट भरून काढली. शेवटच्या पायलीवर मी शीग चढवू लागले, तशी वन्संनी माझा हात धरला आणि तळव्याने माप सपाट केले.

"मी सपाट दिलं होतं, वयनी. फिटलं सगळं."