व्हॉल्व्हकडे बघणारे दोघे

फिल्म करताना काय शिकलात ते एका पानात लिहा, असं सरिता मॅडम म्हणाल्या. एका पानात! माझं डोकं अजून गरम आहे, मला एक पान कुठं पुरणार?

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात यंदा प्रत्येक जोडीनं मोबाइलवर एक छोटी फिल्म करायची होती. ज्यांची जमणार नाही, त्यांनी वर्षभर बाकीच्यांच्या शूटिंगला लाइट धरायचे. मी वर्गात आधीच बोलून बसले होते, "बाकीच्यांचं माहीत नाही, आमची तर होणारच." माझा जोडीदार पीयूष, माझा चुलतभाऊ. त्यानं कपाळाला हात लावला. माझं तोंड त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

गोष्ट मीच लिहिली. दोन शेजारी विहिरीच्या पाण्यावरून भांडतात. ती शोधायला काही लांब जावं लागलं नाही. आमच्या गावी, सिंदीला, आमची आणि पीयूषची वांग्या-टमाटरची वाडी एकाच विहिरीवर आहे. मोटार एक आणि व्हॉल्व्हही एकच. तो इकडे फिरवला की पाणी आमच्याकडे, तिकडे फिरवला की मोठ्या बाबांकडे. मोठे बाबा म्हणजे पीयूषचे वडील बंडूजी, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मागच्या उन्हाळ्यात पाळी नसताना कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवला. बाबा म्हणतात दादानं, मोठे बाबा म्हणतात खुशालनं, म्हणजे माझ्या बाबांनी. तेव्हापासून दोघांचा अबोला. घरं लागून आहेत, पण मधलं दार बंद. रोज सकाळी मोठे बाबा मला गाडीवर बसवून स्टेशनावर सोडायचे, तेही थांबलं. त्यांनी नाही थांबवलं, मीच लाजेनं पायी जायला लागले. माणूस भिंतीपलीकडे खोकतो आहे आणि मला इकडे त्याची आठवण येते आहे, असं चाललं होतं.

आता ॲक्टर कुठून आणायचे? मी दोघांनाही विचारलं. दोघंही खुश, फक्त अट सारखीच.

"दादा तिथं नसन तं येतो," बाबा म्हणाले.

"खुशाल नसन तवा सांगजो," मोठे बाबा म्हणाले.

मी म्हटलं, काही अडत नाही. दोन माणसांना वेगवेगळं शूट करून जोडता येतं, हे आम्ही नुकतंच शिकलो होतो. शनिवारी बाबांना मोटारीच्या खोलीजवळच्या फरशीवर बसवलं, रविवारी मोठ्या बाबांना. दोघंही असे तावातावानं बोलले की पीयूष म्हणाला, "बाप्पा! आपल्याले घरचेच हिरो भेटले."

सोमवारी वर्गात फिल्म लावली आणि सगळे खो-खो हसायला लागले. मागच्या बाकावरून धर्मेंद्र ओरडला, "काऊन व रोशनी, हे दोघं भांडून राह्यले का बसची वाट पाहून राह्यले?"

मेल्यानं बरोबर पकडलं होतं. बाबा डावीकडे बघत होते आणि मोठे बाबाही डावीकडेच. मॅडमनी फिल्म थांबवली. "अगं, समोरासमोर बोलताना एकाची नजर डावीकडे असते, दुसऱ्याची उजवीकडे. हे दोघं एकाच बाजूला काय बघतायत?"

कारण डाव्या हाताला व्हॉल्व्ह होता. आपण इथं ॲक्टिंग करतोय आणि तिकडे दुसरा येऊन फिरवून तर जाणार नाही, म्हणून दोघांचाही डोळा तिथंच चिकटलेला.

"दोघांना समोरासमोर बसवा आणि पुढच्या सोमवारी परत आणा," मॅडम म्हणाल्या.

घरी परतताना रेल्वेत पीयूष म्हणाला, "जाऊ दे नं. आपन लाइटच धरू."

"तूच धर! वर्षभर त्या धर्मेंद्रच्या तोंडावर लाइट धरायचा? मी नाई धरत!" मी इतक्या जोरात बोलले की समोरच्या बाईनं आपली पिशवी जवळ ओढली.

घरी येऊन बाबांना सरळ सांगितलं. ते उसळलेच. "दादासमोर? मी त्याच्याशी बोलत नाई, तुले माहीत नाई का?"

"बोला कोन म्हनते? भांडायचं आहे."

बाबांनी जरा विचार केला. "फक्त भांडाचं?"

"फक्त भांडायचं."

"मंग येतो."

पलीकडून पीयूषही निरोप घेऊन आला. मोठे बाबा म्हणाले होते, भांडाले कायचं भेव?

रविवारी दोघं फरशीवर समोरासमोर बसले आणि आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मी ॲक्शन म्हटलं. बाबांनी मान वर केली आणि झकास म्हटलं, "माह्या वाट्याचं पानी तू पळवलं!"

आता मोठ्या बाबांचं वाक्य होतं, "विहीर काय तुह्या बापानं खोदली?" मागच्या रविवारी एकट्यानं धाडकन म्हणून टाकलं होतं. आज तोंडच उघडेना. कट. परत घेतलं, परत तेच. कट! माझा पारा चढला. "मोठे बाबा, पाठ करून नाई आले का तुम्ही?"

तेवढ्यात बाबा पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "दादा, 'विहीर काय तुह्या बापानं खोदली' म्हन."

अबोल्यानंतरचा पहिला 'दादा' होता तो. मोठ्या बाबांनी त्यांच्याकडे बघितलं.

"पाठ आहे मले. पन म्हनू कसं? तुहा बाप तो माहाच बाप नं बे. आन् विहीर तं त्यानंच खोदली."

शेजाऱ्यांची गोष्ट लिहिताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना असं हसू फुटलं की त्यांना ठसका लागला. मोठे बाबा त्यांची पाठ चोळायला लागले आणि चोळता चोळता स्वतःच हसायला लागले.

पीयूषनं माझ्याकडे बघितलं. माझा हात कटसाठी वर गेलेला. भांडण गेलं, फिल्म गेली, आता वर्षभर लाइट, सगळं मला दिसत होतं. तरी मी हात खाली घेतला. पीयूष शूट करत राहिला.

बाबा डोळे पुसत उठले आणि त्यांनी व्हॉल्व्ह पलीकडे फिरवला.

"माही पाळी उद्या आहे बे," मोठे बाबा म्हणाले.

"असू दे नं."

सोमवारी मॅडमनी फिल्म बघितली. "भांडण कुठं गेलं?"

"होतं, मॅडम. मधातच गेलं," मी म्हटलं.

त्यांनी परत लावायला सांगितली. यावेळीही वर्ग हसला, पण बरोबर जागी हसला. आम्हाला लाइट धरावा लागणार नाही.

संध्याकाळी दोघांना त्याच फरशीवर बसवून मोबाइलवर फिल्म दाखवली. बाबांनी मान वर केली ती जागा आली आणि मोठे बाबा ओरडले, "थांब, थांब! पाह्य, खुशाल, पहिले तूच माह्याकडं पाह्यलं."

"हट्! तू पहिले पाह्यलं. रोशनी, मागं घे व."

मी मागे घेतलं. परत लावलं, परत मागे घेतलं. आज सकाळी मोठे बाबा मला गाडीवरून स्टेशनावर सोडायला आले, तेव्हाही रस्ताभर तेच. खुशालनंच पहिले पाह्यलं, तुह्या बापाले सांगजो.