टोलेडो दाखवणारी सून

जानेवारीभर रोज दुपारी सुरेखाबाई प्रवासाला निघायच्या. स्वेटरवर शाल, शालीवरून पर्स, पायांत चपला. बसायचं मात्र आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या घरातल्या सोफ्यावर. समोर लॅपटॉपवर स्पेनमधलं टोलेडो उघडलेलं आणि शेजारी त्यांची सून अश्लेषा, मिटलेली छत्री उंच धरून उभी.

"सगळे आले ना? मागे कोणी राहिलं नाही ना?"

"एकलीच हाय की म्या!"

"आई, तुम्ही चाळीस जण आहात."

"मग चाळिसांचा चहा कवा हाय, ते सांग आधी."

अश्लेषा हसायची, पण ते वहीत नाही, डोक्यात टिपून ठेवायची. चहा कुठे मिळेल हे आधी सांगितलं, की माणूस निवांत चालतो, हे तिला पुण्यातच कळलं होतं. तिथल्या सहल कंपनीत ती टूर मॅनेजर होती. टोलेडोच्या चढावर तिने कितीतरी आजी-आजोबांना हाताला धरून नेलं होतं. लग्न करून आयर्लंडला आली, आणि अनुभवपत्रासकट ते सगळं कपाटात गेलं. तिचा नवरा इंद्रनील संगणकाच्या चिपच्या कारखान्यात इंजिनीअर. स्वभावाने मऊ, पण तोही म्हणू लागला होता, "अगं, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करून टाक ना. इथे सगळ्याजणी तेच करतात."

त्यात रोगाची साथ आली. तीन महिन्यांसाठी फलटणहून आलेल्या सुरेखाबाई वर्ष होत आलं तरी इथेच अडकल्या. २०२१ उजाडलं तरी घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. आणि अशात जवळच्याच बॉल्सब्रिज भागातल्या एका प्रवास कंपनीचा निरोप आला. घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पडद्यावरून परदेशातली गावं दाखवायची होती. अश्लेषाची एकदा परीक्षा घेणार होते. जमलं तर दर आठवड्याला काम. "नाही जमलं तर कोर्सला नाव घालते," असं ती नवऱ्याला सांगून बसली होती. ते ऐकल्यापासून सुरेखाबाईंनी कंबर कसली होती.

टोलेडो त्यांच्या अंगवळणी पडलं. वेशीचा मोठा दरवाजा, मग उंच चढ, मग भर गावातला चौक.

"आई, या चौकात पूर्वी जनावरांचा बाजार भरायचा."

"मग तसं सांग की! जनावरांचा बाजार म्हनलं की मला सगळं दिसतंय. शेणाचा वाससुदिक येतोय."

पुलावरून ताहो नदी दिसली तेव्हा तर त्यांना राहवलंच नाही. गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घालून जाणारं ते पाणी बघून त्यांनी हात जोडले आणि ओवी धरली:

"दूर देशी नदीनं गं, गावाला घातलं कडं,
सारी दुनिया मागं चाले, माझी सूनबाई पुढं."

मग यायचं कॅथेड्रल, तिथलं मोठं चर्च. त्या उंच दारापाशी सुरेखाबाई न चुकता चपला काढायच्या. पहिल्या दिवशी अश्लेषा म्हणाली होती, "आई, तिथे चपला काढत नाहीत."

"त्यांचं त्यांच्यापाशी. देवाच्या दारात म्या चपला घालून जाऊ? हितं ठिवते, तू बघ."

"बरं, इथे ठेवा, मी बघते." अश्लेषाने हाताने दाराची उजवी बाजू दाखवली. महिनाभर हेच चाललं.

परीक्षेचा दिवस आला. अश्लेषाने पैठणीच्या काठाचं जाकीट घातलं. पडद्यावर चौकटी-चौकटींत पांढरे केस, जाड चष्मे, एका खांद्यावर झोपलेलं मांजर. वरच्या कोपऱ्यात कंपनीची ओर्ला, हातात पेन घेऊन. सुरेखाबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या. इंग्रजी त्यांना चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, पण रस्ता पाठ होता. वेस आली. चढ आला. चौक आला आणि म्हातारी माणसं हसली. बाजार सांगितला वाटतं! नदी आली. मठातल्या बायका करतात ती बदामाची मिठाई आली. मग दार आलं.

आणि अश्लेषाचा तळवा उताणा होऊन दाराच्या उजव्या अंगाकडे गेला. तो हात सुरेखाबाईंनी महिनाभर रोज पाहिला होता. इथे ठेवा, मी बघते.

पोरगी सवयीने चपला काढायला सांगून गेली होती.

पडद्यावर कोणी हलेना. ओर्लाचं पेन थांबलं. अश्लेषाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुरेखाबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं. "माज्यापायी बुडालं पोरीचं," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात एका चौकटीतली आजी खाली वाकली. क्षणभर नुसती खुर्चीच दिसली. मग ती वर आली, दोन्ही हातांत लोकरीच्या तांबड्या सपाता धरून. त्या तिने कॅमेऱ्यासमोर नाचवल्या आणि बाजूला ठेवल्या. शेजारच्या चौकटीतले आजोबा वाकले. मग मांजरवाली वाकली, मांजर वैतागून उतरलं. एकेक करत सगळ्या चौकटी वाकल्या.

अश्लेषा हसून काहीतरी बोलली. पुढचं सगळं तिने हळू आवाजात सांगितलं. उंच खांब, रंगीत काचा, दगडावर पडलेला उजेड. ती माणसं तशीच अनवाणी बसून राहिली.

पडदा बंद झाल्यावर अश्लेषा जागच्या जागी खुर्चीत बसली.

"काय झालं? नापास का?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"आई, मी खरं ते सांगून टाकलं त्यांना. म्हटलं, टोलेडोत कोणी चपला काढत नाही, ही आमच्या घरची रीत. तर त्या सपातावाल्या आजी ओर्लाला म्हणाल्या, आजवर मला किती जणांनी चर्च बाहेरून-आतून दाखवलं, आत गेल्यासारखं आज वाटलं." तिने लॅपटॉप मिटला. "दर गुरुवारी दिलंय त्यांनी. पुढच्या गुरुवारी ग्रॅनडा."

सुरेखाबाईंनी दोन्ही हातांनी तिच्या तोंडावरून बोटं उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली. कारखान्यातून आलेल्या इंद्रनीलला त्यांनी दारातच अडवलं. "तुझा तो कोर्स तूच कर रं. आमास्नी ग्रॅनडाला जायचंय."

संध्याकाळी त्यांनी फलटणला धाकट्या बहिणीला, वीणाला, फोन लावला आणि पहिल्या वेशीपासून सगळं सांगितलं. वीणा सगळं ऐकून म्हणाली, "पण अक्का, पोरगी गेली कुठं? घरातच बसलीया की."

"घरात बसून एवढ्या मान्सांना दुसऱ्या मुलखात नेऊन आनलं तिनं," सुरेखाबाई म्हणाल्या, "बंदी उठून दार उघडू दे एकदा, मग बघ."