लाल होईपर्यंत

पाडाचे आंबे घ्यावेत. पूर्ण पिकलेले नकोत. त्यांना रस सुटतो आणि वरचा थर भिजतो.

आंबे नवसाबाईने आणले. भगूरहून टोपली डोक्यावर घेऊन ती सकाळीच देवळाली कॅम्पात यायची, बंगल्यांना भाजी नि फुलं घालायची आणि शेवटी या बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर टेकायची. इथली बावर्चीण गुलजारबी. ओळख इतकी जुनी की नवसाबाईने आज आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपली उतरवली.

"जहिदाला उतार नाय?"

"हळू बोल."

जहिदा तिची नात. आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून गुलजारबीच्या पदराखाली वाढलेली. लॅमरोडच्या पलीकडे, एका खोलीत, ती कडुनिंबाच्या पाल्यावर पडून होती. अंगभर देवी आल्या होत्या. शेजारच्या चतुराबाईला लहानपणी देवी येऊन गेलेल्या, म्हणून दिवसा तीच पोरीजवळ बसे. बंगल्यात कुणालाच पत्ता नव्हता. कळलं असतं तर कॅम्पाची गाडी आली असती आणि पोरीला नदीकाठच्या साथीच्या तंबूत नेऊन टाकलं असतं. तिथून परत आलेलं पोर गुलजारबीने पाहिलं नव्हतं. म्हणून ती रोज निंबाच्या पाण्याने अंग धुऊन, साडी बदलून, वेळेवर कामाला येत होती. साहेबाच्या बाळाच्या दुधाला हात लावायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढत होती.

"आंब्याचं काय करतीस आज?"

"भट्टीत घालायचेत. मड्डमची बहीण आलीय. तिला चुऱ्याचं पुडिंग पाहिजे."

"लोण्याचं?"

"लोण्याचं."

नवसाबाईने पदराने मान पुसली. "बी, घरात देवी असताना तूप-लोणी तापवत नाय. माझ्या जावेनं पाव्हणे आले म्हणून पुऱ्या तळल्या. पोराचा डोळा गेला."

"घर तिकडे आहे. चूल इकडे."

"अन् हात?"

गुलजारबी आंबे सोलायला बसली.

फोडी कराव्यात. भांड्याच्या तळाशी पसराव्यात. वर थोडी साखर…

घरात देवी आल्यापासून तिने फोडणी दिली नव्हती. पोरीला दहीभात, स्वतःला दहीभात. बंगल्यातही तिने कसंबसं निभावलं होतं. मटण उकडून, बटाटे उकडून, मासे उकडून. साहेब लोकांना बेचव गिळायची सवय असते, हे तिचं नशीब. एकदाही कुणी विचारलं नाही. पण हे पुडिंग उकडता येत नव्हतं.

मैदा, साखर, लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. रवाळ झाले की थांबावे. तळवा लावू नये, तळव्याच्या उबेने लोणी वितळते.

तिने हात माठाच्या पाण्यात बुडवले. पुसले. पुन्हा बुडवले. रात्रभर पोरीच्या तापलेल्या कपाळावर ठेवलेले तळवे निवायलाच तयार नव्हते. चुरा तिच्या बोटांतून पडत होता, आणि पडता पडता तो तिला जहिदाच्या अंगावरच्या दाण्यांसारखा दिसायला लागला. तिने डोळे मिटून उरलेलं चोळलं.

भट्टी म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्याखाली निखारे, तिच्या झाकणावर निखारे. खालचे फळ शिजवतात. वरचे चुरा लाल करतात.

तिने खालीच निखारे घातले.

फळ शिजेल, चुरा पांढराच राहील. भाजलं काहीच नाही, लाल काहीच झालं नाही. एवढं तर ऐकलं जाईल. ऐकणारं कोण, अल्ला की देवी, हे गुलजारबीने स्वतःला विचारलं नाही. जो कुणी ऐकत असेल त्याने ऐकावं.

पुडिंग टेबलावर गेलं. थोड्या वेळाने भांडं परत आलं, आणि मागोमाग मड्डम.

"गुलजार, यह क्या है? ऊपर सब कच्चा."

"कोयला गीला है, मेमसाब."

मड्डम वाकली. चुलीतले निखारे लखलखत होते. तिने गुलजारबीकडे नीट पाहिलं.

"तुम ठीक नहीं है. घर में कोई बीमार है?"

आवाजात माया होती, आणि गुलजारबीला भीती त्या मायेचीच होती. रागावलेली मड्डम निघून जाते. माया आलेली मड्डम डॉक्टर पाठवते. डॉक्टरामागून गाडी.

"कोई नहीं, मेमसाब. सब अच्छा है."

"तो लाल करो."

"जी."

मड्डम दारातच थांबली. गुलजारबीने चिमटा उचलला. एक निखारा झाकणावर ठेवला. मग दुसरा. मग सगळे.

वरचा थर लाल होईपर्यंत भाजावे. साधारण…

आधी लोणी फुसफुसलं. मग साखर तडतडायला लागली. मग वास सुटला, खमंग, गोड, भुकेल्या माणसाला रडू आणणारा. वारा लॅमरोडकडे, पोरीच्या खोलीच्या दिशेने वाहत होता. गुलजारबी उठली आणि मे महिन्याच्या त्या उकाड्यात तिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

गरमच वाढावे.

जेवणघरातून चमचा मारल्याचा आवाज आला. थर फुटला. बहीण हसली.

संध्याकाळी चतुराबाई खोलीच्या दारात उभी होती. "ताप उतरला गं. पोर वाचली."

गुलजारबी आत गेली. पोरीचं कपाळ गार होतं. पापण्या मात्र चिकटलेल्या. कोमट पाण्याचा बोळा लावून लावून तिने त्या सोडवल्या. आत, दोन्हीकडे, दुधावर साय धरावी तसं पांढरं.

"नानी, दिवा लाव ना."

दिवा लावलेलाच होता.

"परवापासूनच डोळ्यांतनं पाणी गळत होतं," चतुराबाई मागून म्हणाली. "तुला सांगायला जीभ रेटली नाही. तुझा काही दोष नाही यात."

गुलजारबीने ऐकलं. मानलं नाही. तिच्या नखांत अजून मैदा होता.

पाडाचे आंबे घ्यावेत.

पुढच्या उन्हाळ्यात मड्डमने निरोप धाडून पुन्हा तेच मागितलं. आता जहिदा दिवसभर स्वयंपाकघरातच, भट्टीजवळ पाटावर बसायची. पहिल्या दिवशी मड्डमने तिच्या चेहऱ्यावरचे वण पाहिले, मग डोळे पाहिले. ती तशीच मागे फिरली. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात आली नाही.

गुलजारबीने फोडी पसरल्या, चुरा घातला, झाकण लावलं. खालचे निखारे पेटले होते. ती बसून राहिली.

"नानी, वर निखारे घातले नाहीस."

"तुला कसं कळलं?"

"वाजतच नाही ते."

गुलजारबीने चिमटा घेतला. निखारे झाकणावर ठेवले, एकेक करून. मग उठून खिडकी लावली.

"खिडकी कशाला? केवढं उकडतंय."

"राहू दे लावलेली," गुलजारबी म्हणाली. "लाल झालं की सांग."

जहिदाने भट्टीकडे कान केला.