आई, परत एकदा

आमच्या चिरंजीवांना दिव्याचं बटण दाबण्यात कमीपणा वाटतो. ते दिव्याशी बोलतात. आधी गोडीगुलाबीने, मग आवाज चढवून, शेवटी दातओठ खात. तरीही लागला नाही तर उठून भिंतीपाशी जातात, पण बटणं स्वतःच हौसेने काढून टाकलेली. मग आम्ही अंधारात बसायचो आणि हा यंत्राची मनधरणी करायचा. उभं आयुष्य मी शाळेत खेळ शिकवले. शिट्टी वाजली की अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं. आणि माझ्या पोटी हे रत्न!

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं तेव्हा यानेच मला आपल्या घरी आणलं. वॉकरशिवाय चालायला लागलीस की तुझ्या घरी सोडतो, असं ठरलं होतं. माझं घर म्हणजे दोन खोल्या, पण तिथले दिवे मुकाट्याने लागतात. त्या घराचं कुलूप आपल्या हाताने उघडायचं, एवढ्यासाठीच मी दात आवळून व्यायाम करत होते.

त्याच्याकडच्या माझ्या खोलीत त्याने कॅमेरा बसवला. "काळजीपोटी गं, आई." काळजी भिंतीवर टांगली की माणूस कामावर जायला मोकळा. मी जरा कपाटाआड गेले की कॅमेऱ्याचा डबा त्याच्या आवाजात विचारायचा, "आई, दिसत नाहीस!" स्वतः मात्र तो खोलीत यायचा फक्त मला सूप भरवायला, आणि तेही सूनबाई फोन धरून तयार असेल तरच.

भरवण्याची तऱ्हा काय वर्णावी! चमचा माझ्या तोंडाशी आणून हा थांबणार, फोनकडे एक नजर टाकणार आणि म्हणणार, "आई, परत एकदा. जरा थकल्यासारखी दिस ना." माझे दोन्ही हात धडधाकट होते. तरी सूप थंडगार होईपर्यंत मी आ वासून बसायचे. का, तर तेवढा वेळ तरी पोरगा शेजारी बसतो म्हणून. सांगायलाही लाज वाटते. मनासारखं जमलं की "उरलेलं तू घे हं" म्हणत स्वारी पसार. मग बाहेरून खुशीतला आवाज यायचा, लोक बघून रडतायत म्हणे. रडा बापडे, तुमचं काय जातंय.

एके दुपारी माझ्या घराशेजारच्या बाईंचा फोन आला.

"अहो, तुम्ही आता कायमच्या तिकडेच? मुलाने लिहिलंय तसं. नशीबवान हो तुम्ही!"

संध्याकाळी मी त्याला धरलं. "मी कायमची कुठे राहणार, हे मला न विचारता जगाला सांगून मोकळा झालास?"

"अगं, लोकांना किती आवडलंय ते वाच तरी!"

"आपलं ठरलं काय होतं?"

"आता तू गेलीस तर ते कसं दिसेल, आई?"

कसं दिसेल! मला कसं वाटेल, हे त्याच्या डोक्याला शिवलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून कपाट आणि खिडकीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी वॉकर सोडून चालायला लागले. डबा ओरडला की "कपडे आवरतेय" म्हणायचे. पाय लटपटायचे, घाम फुटायचा, पण हट्ट सोडला नाही. व्यायाम घ्यायला येणारी मुलगीच शेवटी म्हणाली, "आता तुम्ही एकट्या राहू शकाल."

एका सकाळी दोघं कामावर गेल्यावर मी पिशवी भरली आणि टॅक्सी बोलावली. वॉकर पलंगापाशी ठेवला आणि खोलीच्या मधोमध, कॅमेऱ्यासमोरून ताठ निघाले. लपूनछपून कशाला जायचं? आणि खरं सांगायचं तर, त्याने मला बघावं असं वाटत होतं. "आई, कुठे निघालीस?" एवढं जरी विचारलं असतं, तरी मी पिशवी खाली ठेवून त्याच्याशी बोलले असते.

डबा खरखरला. "आई! अगं, तू चालतेयस! वॉकरशिवाय!"

मी थांबले, वळले. अंगावर बाहेर जायचे कपडे, पायात चपला, हातात भरलेली पिशवी. सगळं त्याला दिसत होतं.

"थांब, थांब, रेकॉर्डिंग बंद होतं," तो म्हणाला. "पलंगापासून परत एकदा चालत ये. आणि ती पिशवी बाजूला ठेव ना, मध्ये येतेय."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.